बरणी सहा ते सोळा

माण, १८ मे २००९

शैलेश,

सालाबादाप्रमाणं 'पत्रास कारण की' लिवणार न्हाई. कारण तुला ठावं हाय. तीन डाव फोन लावला, तिन्ही डाव 'मीटिंगमदी हाय' म्हणून तू कट केलास. पत्र कट करता येत न्हाई, म्हणून पोस्टानं पाठवतोय. आता वाच गपगुमान.

आपल्या सोळा भातांची नावं गेली. समदी.

आपला कॅफेतला जुना डबा गुरगुर करायला लागला व्हता. नवा कॉम्प्युटर आणला. जुन्यातलं सामान नव्यात घ्यायचं म्हणून पेन ड्राइव्ह लावला, तुजा त्यो 'बिल्ला' प्रोग्राम उघडला आन् त्यातलं 'सगळं हलवा' ह्ये बटण दाबलं. 'सगळं झालं' आलं, हिरवी खूणबी आली. मी डबा भंगारवाल्या नथूला देऊन टाकला. काल आबा म्हणला, रोपांचा राब भाजून तयार हाय, बी काढा, बरणी कुटली कशाची ते सांग; आजवर नंबर त्याच्या तोंडपाठ व्हते, यंदा त्याला आठवना. मी नव्या कॉम्प्युटरवर फोटू उघडले. फोटू सोळाच्या सोळा हायेत. भाताच्या मुठी दिसतायत, माजा अंगठाबी दिसतोय. नाव एकाचंबी न्हाई!

तू इसरला असशील, म्हणून आठवण करून देतो. तीन वरसं तू आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हात व्हतास. आई तुला आयतवारी मटण खाऊ घालत व्हती. आईनं भाताचं बी पुरचुंड्यांत बांधून ठेवलेलं. आमच्या घरात जी सून आली, तिनं माहेरनं ओटीत तितलं बी आणलं. ज्या बाईचं बी, तिच्या लुगड्याचं फडकं. तशी आमची रीत. आई नुसतं फडकं बघून सांगायची, ह्यो थोरल्या चुलतीचा कमोद, ह्यो माज्या माहेरचा. तू काय म्हणलास? "काकू, फडक्यात सोंडे किडे ऱ्हातात, जाळून टाका." बी बरण्यांत भरलंस. बरणीवर नुसता नंबर. नाव, कुणी आणलं, हळवा का गरवा, ह्ये समदं म्हणं फोटूच्या फाइलीला चिकटवून ठेवलंय. मी इचारलं, फाइलीच्या नावातच लिव की. तर तू हसलास. म्हणलास, "दादा, ते अडाणी काम झालं. फाइलीच्या आतबी न्हाई, नावातबी न्हाई, बाहेरनं चिकटवायचं. जर्सी गाईच्या कानाला बिल्ला असतो तसं."

गाय हाय, बिल्ला कुटाय?

आईनं फडकी पाण्याच्या बंबात घालून दोन वरसं झाली. बाकीची समदी जमीन कंपन्यांच्या खाली गेली. कासार आंबोलीला जी दोन खाचरं उरली, त्यात ह्ये सोळा भात आबा थोडंथोडं करून जगवतोय. सख्खा बाप, पर आबा माज्याशी बोलना झालाय. नावं पाठव, न्हाईतर हितं येऊन सांग.

कैलास

*

बंगळूर, २५ मे २००९

कैलासदादा,

पाकिटावर तू तीन वेळा 'अर्जंट' लिहिलंस, त्यामुळे आमच्या सगळ्या मजल्यानं ते बघितलं. माझा मॅनेजर विचारत होता, घरी कोणी वारलं का. फोनवर तुझ्या शिव्या ऐकायच्या नाहीत, म्हणून मीही लिहूनच उत्तर देतोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. फाइलीत काय आहे ते वेगळं, आणि फाइलीबद्दल काय आहे ते वेगळं. हे दुसरं डिस्कवर फाइलीच्या सोबत, पण बाहेर ठेवायची सोय लिनक्समध्ये असते. ती वापरायला चार कामं लागतात: माहिती लावायची, वाचायची, काय काय लावलंय ते विचारायचं आणि काढायची. ती चार कामं कुणालाही सोप्या भाषेत करता यावीत म्हणून मी 'बिल्ला' लिहिला. आमच्या कंपनीनं तो उचलला. आज चार मोठे क्लायंट तो वापरतात. तुझ्या 'गाय हाय, बिल्ला कुटाय' वर एवढंच सांगतो, की बिल्ला चांगला होता, गाय तू ओढ्यात घातलीस.

पेन ड्राइव्हचा फॉरमॅट जुनाट असतो. त्यात अशा चिकटवलेल्या माहितीला जागाच नसते. फाइल जाते, माहिती गळून पडते. कॉम्प्युटर शिकणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं! तू सायबर कॅफे चालवतोस ना? मग निदान मला विचारायचं तरी.

आणि एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय लिहिलंयस? आबांसमोर बरण्या ठेव. पन्नास वर्षं भात केलाय त्यांनी, झोपेतही ओळखतील. एखाददुसरा नाहीच ओळखू आला तर दुकानातून इंद्रायणी आण. चांगली पिकते, वासही असतो. मुळशीत आता सगळे तेच लावतात.

काकूंना नमस्कार. त्यांच्या मटणाची आठवण येते.

शैलेश

*

माण, ३० मे २००९

शैलेश,

नमस्कार आईला सांगितला न्हाई. तुजं नाव काढलं की ती उठून पडवीत जाती.

आबापुढं बरण्या ठेवायच्या म्हणतोस? ठेवल्या की! आबाच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय, तुला ठावं हाय, कारण हिंजवडीच्या डॉक्टरकडं तूच त्याला गाडीवर घेऊन गेला व्हतास. तरी आबानं दाणं हातावर घेतलं, दाताखाली फोडलं, वास घेतला. सहा नंबरला म्हणला कमोद. दुसऱ्या दिशी मी मुद्दाम तीच बरणी परत हातात दिली, तर म्हणला पटणी. आईच्या तोंडनं 'अगं बाई' निघालं आन् त्याला कळलं. त्यानं झाकण असं फेकलं की आरोहीच्या पाटीवर जाऊन आपटलं. पोर घाबरून रडायला लागली. माजी लेक हाय ती, सहा वरसांची. आबा आजवर तिच्यावर कदी ओरडला न्हाई.

सालीतला भात एकमेकासारखाच दिसतोय, येड्या. भाताचं रूप उभ्या पिकात असतंय. लोंब्या आल्या म्हंजे कळतंय. आन् हळवा भात दसऱ्याला येतोय, गरवा दिवाळीच्या पुढं जातोय. कुटला कुटल्या खाचरात, ह्ये आधी ठावं न्हाई तर खालच्या खाचरात पाणी असताना हळवा पिकून झडंल आन् वरच्या खाचरात गरवा वाळून जाईल. दोन खाचरं हायेत, बाबा. सोळा न्हाईत.

आता तुज्या त्या शेंबड्या पोराची गोष्ट. तुज्या खोलीत आता मेधा मॅडम ऱ्हातात. हिंगोलीच्या. तुज्यासारखंच कॉम्प्युटरचं काम, पर जिन्यातनं जाताना आईला 'काही आणायचं का' म्हणून इचारतात. तुजं पत्र मी त्यांना दावलं. त्यांनी तुजा प्रोग्राम आतनं उघडला. आन् मग मला बोलावून पडद्यावर एक ओळ दावली. मला काय कळणार? त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिवतो.

पेन ड्राइव्ह तुज्या प्रोग्रामला सांगत व्हता, मला ह्ये जमत न्हाई. साफ सांगत व्हता. दर फाइलीला सांगत व्हता. आन् तुजा प्रोग्राम काय करत व्हता? त्यो निरोप गिळत व्हता, आन् वर 'सगळं झालं' म्हणून दावत व्हता! त्या ओळीशेजारी तू स्वतः लिवून ठेवलंयस: "इथे एरर दाखवू नये, वापरणारे घाबरतात."

मेधा मॅडम लई शांत बाई हायेत. त्या खुर्चीवरनं उठल्या आन् म्हणल्या, "ही चूक नाहीये, कैलासदादा. हे मुद्दाम केलंय." त्यांचा आवाज चढलेला मी पैल्यांदा ऐकला.

मी घाबरलो असतो तर बरं झालं असतं रं. डबा नथूला दिला नसता. मला घाबरू द्यायचं व्हतंस की! आडानी म्हणून माज्यापासनं लपवलंस, आन् आता तोच आडानीपणा माज्या टाळक्यावर हाणतोस?

कैलास

*

बंगळूर, ५ जून २००९

कैलासदादा,

तुझ्या मेधा मॅडमना सांग, दुसऱ्याच्या कोडमध्ये चुका काढणं सोपं असतं. मी तो प्रोग्राम पंधरा दिवसांत लिहिला. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी तुझ्या कॅफेत, ढेकणांच्या खुर्चीवर बसून. पहिल्यांदा मी सगळे एरर दाखवत होतो. डेमोला मॅनेजर म्हणाला, लाल अक्षरं बघून क्लायंट पळून जाईल, ती काढ. मी काढली. नोकरी करणाऱ्याला असंच करावं लागतं. तुझ्या बापाची जमीन होती, तुला बसून भाडं खाता येतं. माझ्या बापाची चाळीसगावला पानाची टपरी होती. मला मॅनेजरचं ऐकावं लागतं!

रागात लिहिलं. पण खोडणार नाही.

आणि मुद्दाम काय, मुद्दाम? आबांचं बी बुडवून मला काय मिळणार होतं? उलट मी जिथे जिथे 'बिल्ला' दाखवला, तिथे पहिला फोटो आबांच्या हातातल्या भाताचाच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुळशीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ठेवा आम्ही कसा जपला, यावर मी अर्धा तास बोलायचो. माझी इथली बदली, बढती, सगळं त्यातूनच झालं. आबांचं नाव मी मोठंच केलं ना?

नावं जुन्या डिस्कवर होती. तो डबा तू भंगारात घातलास, आता तो तुकडे होऊन वितळलाही असेल. त्याच्या मागे लागू नकोस. खरंच सांगतो, दादा, त्यात वेळ घालवू नकोस. पाऊस तोंडावर आलाय. कृषी विद्यापीठात ओळख काढून मी चांगलं प्रमाणित बी पाठवतो, सोळा नाही पण चारपाच जाती मिळतील. आबांना सांग, नव्यानं सुरुवात करा.

काकूंचं माहेरचं बी कुठलं होतं, तेवढं आठवत असेल तर कळव. तेच शोधून बघतो.

शैलेश

*

माण, १४ जून २००९

शैलेश,

डबा घावला!

नथू भंगारवाला भुकूमला ऱ्हातोय. त्याच्या शेडमदी जाऊन बसलो, म्हणलं, तो डबा दिल्याबिगर उठणार न्हाई. त्यानं मला पंख्याच्या ढिगात, वायरींच्या ढिगात, कुटंकुटं हात घालायला लावला. हात कोपरापतूर ग्रीसनं काळं. शेवटाला त्याच्या बायकोनंच सांगितलं, त्यो डबा न्हाणीच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. मी तसाच उचलला. दार आपटलं, आत तिची सासू न्हात व्हती, तिनं मला आन् माज्या सात पिढ्यांना जे काय म्हणलं ते लिवत न्हाई.

मेधा मॅडमनी आतली डिस्क काढून त्यांच्या कॉम्प्युटरला लावली. म्हणल्या, डिस्क जिवंत हाय, फोटू हायेत, आन् फोटूंना चिकटवलेलं कायतरीबी हाय. वाचायचं मी थांबवलं. आबाच्या पुढ्यात वाचायचं. आबाला सांगितलं तर त्यो उठून बसला आन् म्हणला, "आयतवारी भावकीला बोलीव." भावकी म्हंजे चुलते, जनार्दनतात्या, रत्नाबाई आत्या, समदे. ज्या बायकांनी बी आणलं त्या आता न्हाईत, पर त्यांची लेकरं हायेत. आबाला त्यांच्या म्होरं नावं ऐकायची हायेत. लगेच बरण्या घेऊन कासार आंबोलीला जाऊन राबावर टाकायचं. दोन पाऊस झालेत, अजून वेळ गेली न्हाई.

आई महिन्याभरात पैल्यांदा हसली. म्हणली, माज्या माहेरचा कुटला ते कळलं की त्योच आदी टाकायचा. तू इचारलं व्हतंस ना? तिच्या माहेरच्या भाताचं नाव तिलाबी नीट आठवत न्हाई रं. तिची आई लहानपणीच गेली. ओटीत बी मामीनं घातलं, नाव सांगितलं ते लग्नाच्या गडबडीत कानावरनं गेलं. आबाला ठावं व्हतं, तुला त्यानं घरातच सांगितलं, पर ती तवा चुलीपाशी व्हती, आन् आता त्योबी दर डाव येगळंच नाव घेतोय. म्हणून ते फडकंच तिचं नाव व्हतं.

तुला लई बोललो. टपरीचं तू लिवलंस ते खरं हाय, मी भाडं खातो, माज्या हातून काय व्हत न्हाई. तू निदान कायतरी बनवलंस. ते एरर गिळायचं काय असंल ते आपण नंतर भांडू. बी वाचलं तर तुला समदं माफ. आयतवारी यायला जमलं तर ये. तुज्यासाठी आई तांबडा रस्सा करंल.

कैलास

*

बंगळूर, १८ जून २००९
(कुरिअरनं)

कैलासदादा,

आत्ता तुझं पत्र मिळालं. फोन लागत नाहीये, तुझ्याकडे वीज नसेल.

डिस्क उघडू नका. म्हणजे सगळ्यांसमोर नको. भावकी वगैरे कशाला गोळा करता? एवढ्या जुन्या डिस्कचा भरवसा नसतो, माहिती अर्धवट वाचली जाऊ शकते, उगाच आबांना धक्का बसेल. मेधाला म्हणावं, एकटीनं बघ आणि मला कळव. मी इथून दुरुस्त करून पाठवतो. नाहीतर मी पुढच्या महिन्यात येतो, तोपर्यंत थांबा. महिनाभर थांबायला काय हरकत आहे?

कृपा करून थांब. एवढं ऐक माझं.

शैलेश

*

माण, २४ जून २००९

शैलेश,

तुजं कुरिअर शनवारी आलं. मी वाचून हसलो. म्हणलं, ह्याला यायला जमत न्हाई म्हणून कार्यक्रम म्होरं ढकलाय सांगतोय, मानाचा टिळा आपल्याच कपाळाला पायजे. मेधा मॅडमना दावलं, त्या हसल्या न्हाईत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आन् म्हणल्या, "दादा, मी आधी एकदा बघून घेऊ का?" मीच न्हाई म्हणलो. आबानं सांगितलं व्हतं, माज्या म्होरं. त्यांचं ऐकलं असतं तर!

आयतवारी समदे आले. पडवीत सतरंजी टाकली. आबा नवं धोतर नेसून बसला. सोळा बरण्या ओळीनं. मेधा मॅडमनी कॉम्प्युटर खाली आणला. आरोहीला बरणी उचलून आबाच्या हातात द्यायचं काम दिलं.

एक नंबर. आंबेमोहर, गरवा, आणला भावकीतल्या गेणबाच्या आईनं, गाव भुकूम. जनार्दनतात्यांनी टाळी वाजवली. दोन नंबर, काळभात. तीन, रायभोग. चार, तामसाळ. पाच, जिरेसाळ, रत्नाबाईच्या चुलतीचा. आत्या पदराला डोळं पुसाय लागली. मला वाटलं, शैलेशला आत्ताच्या आत्ता फोन करून सांगावं, का बाबा तू देवमाणूस हायेस.

सहा नंबर. मेधा मॅडम थांबल्या. मी म्हणलं, वाचा की. त्यांनी वाचलं: "लोकल भात."

सात. "लोकल भात." आठ. "लोकल भात." कुणी आणलं, रिकामं. हळवा का गरवा, रिकामं. नऊला आबा म्हणला, नीट वाच पोरी. तिनं परत वाचलं. रडायला आली ती. मंग आबा म्हणला, सोळापतूर वाच. तिनं सोळापतूर वाचलं. अकरा डाव तेच.

आता मला आठवतंय. त्या दिशी सांजच्याला आबा सांगत व्हता, तू टायपत व्हतास. आबा परत्येक भाताची गोष्ट सांगायचा, ती बाई कशी आली, कुटल्या वरसाला दुष्काळात ह्येच बी वाचलं. तू घड्याळ बघत व्हतास. पाच भात झाल्यावर म्हणलास, "आबा, तुम्ही सांगत राहा, मी टाकतोय." आन् आबा सांगत ऱ्हायला. घसा बसंपतूर सांगत ऱ्हायला. तू मान हालवत व्हतास. आन् खाली एकच शब्द खालपतूर ओढून घेतलास. दाखवायला पाच पुरले ना तुला? टाळ्या पाचातच वाजल्या ना?

पेन ड्राइव्हचं मी उगाच म्हणत बसलो. सहाच्या म्होरं त्यात गळायला कायबी नव्हतंच की. मेधा मॅडम म्हणल्या, बटण दाबलं नसतं तरी ह्येच वाचलं असतं. तुला ह्ये पैल्या पत्रापासनं ठावं व्हतं. तू मला ओढ्यात गाय घातली म्हणलास. आईला माहेरचं बी शोधून देतो म्हणलास! तुज्या जिबेला हाड हाय का रं? कुटल्या तोंडानं लिवलंस ते?

मी आबाला म्हणलं, अकराच्या अकरा येगळी वाफं करून लावू, लोंब्या आल्या की तू सांग. आबानं माज्याकडं बघितलं. म्हणला, "मला दिसंल का? आन् पाखरं हाकायला बांधावर कोण बसणार, तू? तुला कॅफे सोडून खाचरात यायला दोन वरसं झाली." खोटं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एक ते पाच त्यानं बाजूला ठेवल्या. त्या काल राबावर टाकल्या, मीच टाकल्या. सहा ते सोळा त्यानं स्वतःच्या हातानं एका पाटीत वतल्या. जनार्दनतात्या हात धराय गेले, तर त्यांनाबी ढकललं. म्हणला, "नाव न्हाई ते बी न्हाई. धान्य हाय. गिरणीत घेऊन जा." भावकीम्होरं म्हणला, म्हणून मला न्यावं लागलं. कैलास, बी भरडायला चाललास का म्हणून गिरणीवाल्या चंद्रकांतनं इचारलं. मी व्हय म्हणलो.

सोमवारी दुपारच्याला आईनं त्यो भात शिजवला. काय वास सुटला व्हता, शैलेश! कुटल्या बाईचा व्हता त्यो वास, आता कुणाला कळायचं न्हाई. मेधा मॅडमनाबी बसवलं. आबा जेवला. आई शेवटाला बसली. एकेक शीत बोटानं येगळं करून बघत व्हती. मी म्हणलं, आई, गार व्हतंय, खा. तर म्हणली, "खाते की. ह्यातलं माज्या आईचं कुटलं, तेवढं बघते."

कैलास